भोक पाडलेले तीन एक्के

"ह्या टीपॉयच्या पायाखाली काय घातलंत ओ?"

आत्याबाईंनी हा प्रश्न विचारला तेव्हा आईच्या हातात फणसाच्या सांदणांची ताटली होती आणि बाबांच्या तोंडात सांदण होतं. माझ्या तोंडात काहीच नव्हतं, तरी मलाच बोलता येईना.

आत्याबाई म्हणजे वृषालीची आत्या. मथुराबाई. आठवड्यापूर्वी आम्ही वेंगुर्ल्याला जाऊन मुलगी बघून आलो होतो, आणि आता ती माणसं रत्नागिरीला आमचं घर बघायला आली होती. अशा वेळी मुलीला कुणी बरोबर आणत नाही. पण आत्याबाईंनी फोनवरच सांगितलं होतं, "ऱ्हवाचा तिका आसा, मगे बघूचा पण तिनांच." त्यामुळे वृषाली, तिचे वडील आबा आणि आत्याबाई असे तिघं आमच्या पुढच्या खोलीत बसले होते. आबा तसे गरीब माणूस. निर्णय बहिणीचा, हे त्यांच्या बसण्यावरूनच कळत होतं.

तो टीपॉय एका पायानं लंगडा होता. पाहुणे यायच्या आधी बाबांनी हाताला लागलं ते पायाखाली सरकवून तो नीट केला होता, आणि हाताला लागली होती ती माझी एक लाल चकती.

"बटण आहे," बाबा सांदण गिळून म्हणाले. "ओव्हरकोटाचं."

रत्नागिरीत मे महिन्यात ओव्हरकोट! मी डोळे मिटून घेतले. आत्याबाईंनी वाकून टीपॉय उचलला, चकती काढली, पदराला पुसली आणि डोळ्यांपुढे धरली.

"बटणाक आकडो कित्याक? वृषाली, वाच गे ह्या काय ता."

वृषालीनं चकती हातात घेतली. तिच्या अंगठ्याला कलमं बांधायच्या पट्टीचा चिकट डाग होता. ती एका रोपवाटिकेत आंब्याची कलमं करायची. वेंगुर्ल्याला तिनं मला एक कलम दाखवलं होतं आणि मग सरळ विचारलं होतं, "दुकान सोडून तुम्ही कशात रमता?" मी उत्तर देणार, एवढ्यात आईनं माझा पाय दाबला होता. त्या दिवशीच मी ठरवून टाकलं होतं की लग्न करीन तर हिच्याशी. आणि आता तीच माझी चकती वाचत होती.

"कॅसिनो लिहिलंय," वृषाली म्हणाली.

"म्हंजे जुगार."

"हो."

आबांनी हातातलं सांदण परत ताटलीत ठेवलं. आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. चष्म्याचं दुकान चालवत असल्यामुळे जाड काचांमागचे डोळे मी रोज बघतो, पण ते कसे रोखले जातात ते तोवर ठाऊक नव्हतं.

"कोणाची ही?"

इथं शहाण्या माणसानं म्हटलं असतं, रस्त्यात सापडली. आई तेच सुचवत होती. ती आबांच्या पाठीमागे उभी राहून बोटानं रस्ता दाखवत होती. पण ज्याला काही गोळा करायचा नाद आहे अशा माणसाला त्याच्या वस्तूविषयी कुणी विचारलं, मग ते रागानं का विचारलेलं असेना, की त्याला फक्त विचारल्याचा आनंद होतो. राग त्याच्या लक्षातच येत नाही.

"माझी," मी म्हणालो. "आणि एवढीच नाहीये. थांबा, आणतोच."

आई कपाळावर हात मारून स्वयंपाकघरात गेली.

मी कपाट उघडलं आणि सगळं बाहेर आणलं. प्लॅस्टिकच्या खणांचे अल्बम, डबल म्हणजे एकसारख्या जादा चकत्यांनी भरलेला बिस्किटांचा डबा, लाल काचेसारखे फासे, पत्त्यांचे कॅट. मकावच्या चकत्या, जिब्राल्टरच्या, बहामाच्या, भूमध्य समुद्रातल्या कुठल्या कुठल्या बेटांवरच्या. मी एकेक काढून दाखवत सुटलो. ही चकती मातीची, ही नुसत्या प्लॅस्टिकची. मातीची टेबलावर टाकली की आवाज कसा बसका येतो, ऐका. हिच्या कडेला हे ठिपके आहेत ना, ते वरून रंगवलेले नाहीत, घडवतानाच आत घातलेले असतात. बाबा छताकडे बघत होते. वृषाली मात्र ऐकत होती. मातीची चकती तिनं स्वतः टाकून पाहिली आणि परत एकदा टाकून पाहिली.

"पत्त्यांना भोक कशाला?" तिनं विचारलं.

आमच्याकडचे कॅट कॅसिनोतून निवृत्त झालेले होते. तिथं कॅट थोडा वेळ वापरतात आणि मग काढून टाकतात. काढताना सगळ्या गठ्ठ्याच्या मधोमध आरपार भोक पाडतात, म्हणजे त्यातलं पान कुणी बाहीत लपवून पुन्हा टेबलावर आणू शकत नाही. मी हे सांगितलं, तशी आत्याबाईंनी सोडलेला श्वास मला ऐकू आला.

"इतक्या सगळ्या ठावक आसा," त्या म्हणाल्या, "आणि जुगार खेळणस नाय?"

"नाही."

"एकदाय?"

"मी कॅसिनो बघितलेलाही नाही, आत्याबाई."

"मगे ह्या घरात इला कसा?"

"धुण्यातून," मी म्हणालो.

ती गोष्ट अशी होती. आईचा धाकटा भाऊ, माझा दत्तूमामा, परदेशी प्रवासी जहाजावर कपडे धुण्याच्या खात्यात होता. जहाजावर कॅसिनो असायचा, पण धुणंवाल्यांना तिथं पाय ठेवायची मुभा नव्हती. कॅसिनोच त्याच्याकडे यायचा, साहेबलोकांच्या पँटच्या खिशातून. मामा प्रत्येक चकती परत करायला जायचा. बहुतेक जण घ्यायचे, काही जण हसून म्हणायचे, राहू दे तुला. चकती ज्या बंदरातल्या कॅसिनोची, ते मागे पडलेलं असायचं, तिचे पैसे आता कुठं मिळणार नसायचे. मामा ती चकती माझ्यासाठी ठेवायचा. जुने कॅट आणि फासे जहाजावरच्या दुकानात आठवण म्हणून मिळायचे. पुढं मामाचे सोबतीही आणून द्यायला लागले, आणि दुकानातली गिऱ्हाइकंसुद्धा, ज्यांची मुलं जहाजावर होती ती. मामा जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. चकत्या येत राहिल्या.

"ही पहिली," मी पहिल्या अल्बमचं पहिलं पान उघडलं. तपकिरी, कडेला चीर गेलेली, अक्षरं पुसट झालेली चकती. "ही मशीनमध्ये धुतली गेली होती. मला गोवर आला होता तेव्हा मामानं दिली. उशाखाली ठेव म्हणाला, ताप धुवून निघेल."

स्वयंपाकघराच्या दारातून आई म्हणाली, "आणि निघाला हो ताप. दुसऱ्या दिवशी."

आबा हसले. वृषालीही हसली. आत्याबाई हसल्या नाहीत. त्यांनी मांडी घालून बैठक मारली आणि टीपॉय पुढ्यात ओढला. आधार काढल्यामुळे तो डुगडुगला.

"गजाली सांगूक सगळ्यांक येता," त्या म्हणाल्या. "माझ्या घोवाक तर फार बरी येय. हाड ते पत्ते."

"मथुरा, कशाक गे..." आबा म्हणाले.

"तू गप ऱ्हव आबा. जुगाऱ्याबरोबर संसार केलंय मी. हातात पानां कशी धरता तेच्यावरसून माका माणूस कळता. बस रे. तीन पत्ती."

"मला येत नाही."

"शिकवतंय."

आणि त्यांनी खरोखर शिकवलं. सराईतपणे पत्ते पिसत, भोकावरून अंगठा फिरवत, दोन मिनिटांत. सगळ्यात लहान काय, त्यावर जोड, त्यावर एका रंगाची, त्यावर लागोपाठची, त्यावर एका रंगाची लागोपाठची, आणि सगळ्यांवर तीन सारखी. "आणि तीन सारख्यांत तीन एक्के. तेच्यार जगात काय नाय. कळला?" कळलं म्हणालो. मग बिस्किटांच्या डब्यातल्या डबल चकत्या त्यांनी दोघांत सारख्या वाटल्या.

"चिंचोके आहेत घरात," आई घाईनं म्हणाली.

"चिंचोके नको. स्वतःच्या वस्तू लावल्याशिवाय माणूस उघडो पडणा नाय. जिंकला ता जिंकणाऱ्याचा, परत मागूचा नाय."

डबल झाल्या तरी त्या माझ्याच होत्या. पण समोर वृषाली बसली होती, आणि या खेळात मी काय लावलंय ते मला पुरतं माहीत होतं. मी मान हलवली.

पहिला डाव मी जिंकलो. दुसराही. तिसऱ्या डावात माझ्याकडे जोड आली, तेव्हा तर मी न विचारता दोन चकत्या टाकल्या आणि आत्याबाईंनी पानं खाली ठेवली. हे सगळं नवशिक्याचं नशीब होतं. पण मी जिंकलेल्या चकत्या ओढून घेत होतो आणि सवयीनं रंगाप्रमाणे लावून ठेवत होतो, आणि आत्याबाई ते बघत होत्या. आई दारातून खुणा करत होती. हर, हर मेल्या! मी हरायला कुठं शिकलो होतो? जिंकायलाही शिकलो नव्हतो.

"हाताक सवय दिसता," आत्याबाई म्हणाल्या.

"दुकानात फ्रेमा लावतो ना रंगाप्रमाणे," मी म्हणालो. ते खरं होतं, पण मलाच ते बहाण्यासारखं वाटलं.

त्यानंतर आत्याबाई खेळायला लागल्या. तोवर त्या नुसत्या बघत होत्या. आता पानं न बघताच त्या चाल देत, कधी हातात काही नसताना दामटून खेळत, आणि मी प्रत्येक वेळी फसत होतो. पानं टाकून डाव सोडायचाही असतो हे माझ्या डोक्यातच येईना. शेवटपर्यंत जायचं आणि हरायचं. माझा ढीग विरघळत गेला. आईच्या चेहऱ्यावर रंग आला, आबांनी ठेवून दिलेलं सांदण पुन्हा उचललं, आणि मलाही वाटलं, चला, सुटलो.

मग शेवटचा डाव आला.

वृषाली सरबताचे पेले द्यायला उठली होती. ती माझ्या पाठीमागून पेला ठेवत असताना मी पानं उचलली. एक्क्याचं चिन्ह पानाच्या बरोबर मध्ये असतं, म्हणजे या कॅटात ते भोकातच गेलेलं. माझ्या हातात तीन पांढरी पानं होती आणि तीन भोकं. तिन्ही भोकांतून टीपॉय दिसत होता. कोपऱ्यात बदाम, किलवर, इस्पिक. तीन एक्के.

माझा चेहरा हलला नाही, याचं श्रेय दुकानाला. एखाद्या गोल तोंडाच्या गिऱ्हाईकानं गोल फ्रेम लावून "कशी दिसते?" विचारलं की जो चेहरा करावा लागतो तो मला कायमचा चिकटला आहे. मी चकती टाकली. आत्याबाईंनीही टाकली. मी टाकली, त्यांनी टाकली. असं होता होता माझ्याजवळच्या संपल्या.

"चाल दे," आत्याबाई म्हणाल्या. "नायतर पानां टाक."

"चकत्या संपल्या."

"कपाटभर आसत की."

मी अल्बममधून एक मकावची काढली. चांगली होती, हिरवी-पांढरी. त्यांनी ती माझ्या हातातच परत ढकलली.

"ही नको. ती तपकिरी. पयल्या पानावरची."

"दुसऱ्या कुठल्याही पाच घ्या."

"माका तीच व्हयी."

स्वयंपाकघरात कढईत चाललेला आईचा झारा थांबला. मी खणातून मामाची चकती काढली. तळहातावर तिची चीर लागली. मला नियम नीट कळले होते. आत्याबाईंनीच शिकवले होते. तीन एक्के, त्यावर जगात काही नाही. चकती टाकायची, पानं उघडायची, चकती परत घ्यायची. एवढंच होतं. कशाचीही भीती नव्हती.

मी चकती टीपॉयवर धरली आणि हात उघडेना.

वाटलं, हातातून सुटली की ती त्या ढिगातली झाली. मग मी ती परत घेतली असती, पण जिंकून. मामानं ती मला दिली होती. तापानं फणफणलेल्या पोराच्या उशाखाली त्यानं ती आपल्या हातानं सरकवली होती. आमच्या सगळ्या कपाटात एकही चकती जिंकलेली नव्हती, आणि सुरुवात हिच्यापासून करायची? आत्याबाईंना हवं असेल ते त्यांनी समजावं. वृषालीकडे मी बघितलं नाही. बघितलं असतं तर कदाचित टाकली असती.

"मी पानं टाकतो," मी म्हणालो, आणि तिन्ही पानं पालथी ठेवून दिली. चकती खणात गेली. आईचा झारा पुन्हा हलायला लागला.

आत्याबाईंनी त्यांची पानं एकेक करून उलटली. चौकट राजा. चौकट राणी. चौकट गुलाम.

"बरोबर वेळेक टाकलंस," त्या सावकाश म्हणाल्या.

मला वाटलं, शाबासकी आहे. "थँक यू," मी म्हणालो.

आत्याबाईंनी जिंकलेल्या चकत्या रुमालात बांधल्या आणि उठल्या. मागचं परसू, विहीर, देवघर, सगळं त्यांनी बघितलं, पण काही विचारलं नाही. वृषालीनं पत्ते गोळा केले, गठ्ठा ठाकठीक केला, रबर लावलं आणि माझ्या हातात दिला. सुमोत बसण्याआधी ती फाटकाशी थांबली.

"एक विचारू? आत्यानं शिकवलेलं सगळं कळलं होतं ना तुम्हाला? सगळ्यात मोठा हात कुठला?"

"तीन एक्के," मी म्हणालो.

"मग ठीक," ती म्हणाली आणि बसली. गाडी गेली.

संध्याकाळी मी सगळं जागच्या जागी लावायला घेतलं. कॅट परत पेटीत घालताना बोटाला तो पातळ वाटला. मोजला. तीन पानं कमी. बदाम, किलवर आणि इस्पिक, तिन्ही एक्के नाहीत. टीपॉयखाली, गालिच्याखाली, सांदणांच्या ताटलीखाली, सगळीकडे शोधलं. चौकट एक्का बिचारा एकटा राहिला होता.

"बाईनं नेले!" बाबा ओरडले. "आपल्याला जुगारी म्हणते आणि स्वतः पत्ते ढापते! मी म्हणत नव्हतो?"

"तुम्ही बटण म्हणत होता," आई म्हणाली.

संग्राहकाचं दुःख संग्राहकालाच कळतं. पूर्ण कॅट आणि तीन पानं कमी असलेला कॅट यांच्यात लग्न झालेला आणि लग्न मोडलेला एवढा फरक असतो, आणि माझे बहुधा दोन्ही मोडले होते, कॅट आणि लग्न. वेंगुर्ल्याहून फोन येईना. दुकानात मी एका बाईंना त्यांच्या नवऱ्याचा चष्मा दिला आणि त्या तो घालून घरी गेल्यासुद्धा. बाबा रोज संध्याकाळी फोनचा रिसीव्हर उचलून आवाज येतोय की नाही ते बघत. आई मला एकदाच म्हणाली, "टाकली असतीस तरी मी रागावले नसते हो. पण नाही टाकलीस ते बरं वाटलं." मला रडू आलं. वृषाली हवी होती मला. ती मातीची चकती दोनदा टाकून ऐकणारी मुलगी पुन्हा भेटणार नव्हती.

आणि मग एका दुपारी आबांचा फोन आला. साखरपुड्याची तारीख काय काढायची म्हणून.

बाबांनी निष्कर्ष काढला की मी हरलो म्हणून पसंत पडलो. आईनं काढला की सांदणांमुळे. मी काहीच काढला नाही. मी नवा शर्ट शिवायला टाकला.

साखरपुडा वेंगुर्ल्याला झाला. नारळ, साखर, फोटो, सगळं आटोपल्यावर आत्याबाईंनी मला खुणेनं मागच्या पडवीत बोलावलं. वृषाली तिथं आधीच उभी होती. आत्याबाईंनी कनवटीचा रुमाल काढून माझ्या हातात दिला. आत माझ्या सगळ्या डबल चकत्या होत्या.

"जिंकला ता जिंकणाऱ्याचा, असं म्हणाला होतात तुम्ही," मी म्हणालो.

"म्हणानच देतंय. तू जिंकललंस."

आत्याबाई पायरीवर बसल्या.

"तुका सांगतंय. त्या दिवशी सुमोत बसलंय तेव्हा मी ठरवल्लंय, हयसर चेडू देवचा नाय. तू जिंकलंस, माका काय वाटूक नाय. हरलंस, तेव्हाय बरा वाटला. पण तू पानां टाकलंस. माझ्याकडे चौकट राजा-राणी-गुलाम, आणि तू बरोबर तेव्हाच टाकलंस! नवखो माणूस पानां टाकणा नाय रे. तेका टाकूकच येणा नाय. वेळ बघून टाकता तो मुरलेलो. मी म्हटलंय, हो पक्को जुगारी. नाटक करता."

मी हतबुद्ध होऊन वृषालीकडे पाहिलं. ती ओठ दाबून हसत होती.

"राजापूर येईपर्यंत आत्या बोलत होती," वृषाली म्हणाली. "तुमच्या घराण्याचं काही ठेवलं नाही. मग मी पर्समधून काढून दाखवले."

"काय?"

तिनं पर्स उघडली. बदाम, किलवर, इस्पिक. तीन पांढरी पानं आणि तीन भोकं.

"सरबत ठेवताना तुमच्या पाठीमागून दिसले," ती म्हणाली. "आणि पुढं तुम्ही काय केलंत तेही दिसलं. नंतर कुणी म्हटलं असतं की मला भास झाला, म्हणून पत्ते गोळा करताना घेऊन ठेवले. विचारलं मात्र होतं तुम्हाला, नियम कळलेत का. म्हटलं, नाहीतर हा माणूस नुसताच बावळट निघायचा."

आत्याबाईंनी तीनही एक्के आपल्या हातात घेतले. भोकांवरून अंगठा फिरवला.

"आमचो माणूस वायट नव्हतो," त्या म्हणाल्या. "हसवी, पोरांका खांद्यार घेय. एका दिवाळीक तेच्या हातात तीन राजे इले. खिशात काय उराक नाय. घराक इलो, म्हणालो, मथुरा, हात पक्को आसा, आत्ता दितंय आणि आत्ता परत हाडतंय. माझ्या आयेची नथ घेवन गेलो."

"मग?"

"समोरच्याकडे तीन एक्के होते."

मग आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. तेच जाड काचांमागचे डोळे, आता भरलेले.

"तुझ्याकडे एक्केच होते रे मेल्या. तुका हरूची भीतीसुद्धा नव्हती. तरी तू मामाची वस्तू खाली ठेवक नाय." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "असो माणूस माका तेव्हा गावाक नाय. हिका गावलो. जा आता, जेवणाची पानां मांडली आसतली."

मी वाकून नमस्कार केला. उठताना मात्र, काय सांगू, माझ्यातला संग्राहक बोलला. "ते एक्के... म्हणजे, कॅट अर्धवट राहिलाय ना..."

आत्याबाई खळखळून हसल्या. तशा हसताना मी त्यांना पहिल्यांदाच बघितलं. त्यांनी एक्के वृषालीच्या हातात दिले. "तिका विचार. आता तिचे ते."

वृषालीनं एक्के पर्समध्ये टाकून चेन ओढली. "नाही," ती म्हणाली. "ह्यांच्यावर जगात काही नाही. मी कशाला देऊ?"

या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली. कपाटाची आता तीन कपाटं झाली आहेत. लांबलांबचे संग्राहक बघायला येतात, कौतुक करतात आणि त्या एका कॅटाशी हमखास अडतात. पेटी उघडतात, मोजतात आणि मला हळहळून सांगतात की बाकी सगळं उत्तम आहे, फक्त याचे तीन एक्के कुठंतरी हरवलेले दिसतात.

मी काही बोलत नाही. एक्के त्यांच्या डोक्याच्या मागेच, दाराजवळच्या खिळ्याला असतात. वृषालीनं त्यांना प्लॅस्टिक चढवून घेतलं आहे, आणि मामाच्या जहाजावर कुणीतरी पाडलेल्या त्या भोकांतून कडी ओवली आहे. कडीत आमच्या घराची किल्ली आहे.